शेवटचा थर

बाळांनो, आधी माझ्याबरोबर एक खोली उभी करा. तळमजल्यावरची, लांबट, जराशी अंधारी. एका टोकाला विटांची भट्टी. भट्टीवर पाण्याचं रुंद पातेलं आणि त्या पाण्यात उभं केलेलं एक उंच पिंप. पिंपात वितळलेलं मेण. वर तुळईला कप्पी, कप्पीवरून खाली आलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला लोंबणारी सुताची जाड वात. आता थोडी नाकाची मदत घ्या. मध, धूर आणि तापलेलं लोखंड, तिन्हींचा मिळून एकच वास. झाली खोली? मग तिच्यात एक मुलगी सोडा. ती एका जागी उभी राहणार नाही, तेव्हा तिला फार शोधत बसू नका. ती जिन्यावर असेल, नाहीतर कोळशाच्या ढिगामागे.

तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती कधी रिकाम्या हाताने चालताना दिसायची नाही. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं आणि ते तिथेच राहायचं.

मुंगीचे बाबा मेणबत्त्या करायचे. साच्यात ओतलेल्या नव्हे, बुडवून केलेल्या. हे काम कसं चालतं ते नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. वात मेणात बुडवायची, वर ओढायची आणि थांबायचं. ओला, चकाकणारा थर जरा मंद दिसायला लागला की पुन्हा बुडवायची. दर वेळी कागदाएवढा पातळ थर चढतो. पण मेण बेताचं गरम हवं. फार तापलं, तर नवा थर चढण्याऐवजी आधीचेच थर सुटून पिंपात परत जातात. मग बुडवत राहा हवं तितकं, मेणबत्ती बारीकच होत जाते. मुंगीने शिकताना हे करून पाहिलं होतं. सकाळभर खपून शेवटी तिच्या हातात नुसती वात उरली होती.

बाबा तेव्हा हसले नव्हते. "सगळ्यांचं एकदा होतं," ते म्हणाले होते. "माझं दोनदा झालं. तुझ्या आजोबांना सांगू नकोस."

आजोबा तर मुंगीच्या जन्माआधीच वारले होते. तरी तिने कोणाला सांगितलं नाही.

नाताळ जवळ आला की या घराला श्वास घ्यायला फुरसत नसायची. गल्लीतल्या प्रत्येक घराच्या खिडकीत नाताळच्या रात्री मेणबत्ती लागायची आणि ती इथलीच असायची. शिवाय चर्चमधली मोठी मेणबत्ती. ती मनगटाएवढी जाड आणि मुंगीच्या कानापर्यंत उंच. तिचे सगळे थर बाबा द्यायचे, शेवटचा मात्र आई. आई ओले हात पदराला पुसत यायची, दोरी धरायची, मेणबत्ती सावकाश खाली सोडायची आणि त्याहून सावकाश वर घ्यायची. बाबा बाजूला हाताची घडी घालून उभे राहायचे आणि दरवर्षी तेच म्हणायचे, "कष्ट माझे, आणि चकाकी हिची." मग ती मेणबत्ती कापडात गुंडाळून चर्चमध्ये जायची.

त्या वर्षी आई वरच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. पानगळ सुरू झाली तेव्हापासून ती जिना उतरली नव्हती.

घरकामाला आणि आईजवळ बसायला मावशी आली होती. आईची धाकटी बहीण. तोंडाने फटकळ आणि हाताने मऊ. ती आईला भरवायची, कूस बदलून द्यायची, औषध द्यायची, आणि मधल्या वेळात नाताळची तयारी रेटायची. पडदे धुतले, तांब्या-पितळेची भांडी घासली, केकसाठी सुकामेवा भिजत घातला. "घरात आजारी माणूस आहे म्हणून सण काही गल्लीच्या तोंडाशी थांबून राहत नाही," ती म्हणायची. पण हे म्हणताना ती कोणाकडे बघायची नाही.

आणि बाबा खाली मोठी मेणबत्ती करत होते.

पहिल्यांदा कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. तो त्यांचा धंदाच होता. पहाटे ते भट्टी पेटवायचे, दिवसभर दोरी खाली, दोरी वर. जेवणाचं ताट तिथेच. झोप तिथेच, मेणाच्या पोत्यांवर. वर जायचं म्हटलं की काहीतरी निघायचं. आत्ता थर ओला आहे. आत्ता मेण उतू जाईल. आत्ता कोळसा घालायचाय.

"भाओजी, पाच मिनिटं वर जाऊन या," मावशी जिन्यातून म्हणायची. "मी धरते ती दोरी. मेणबत्ती काही पळून जात नाही."

"तुला जमायचं नाही. एक थर चुकला की सगळं फुकट."

"तिला बरं वाटेल."

"तिला ऊब लागते ना? खालची आच वर जाते म्हणून तर तिची खोली गरम राहते. मी भट्टी सोडली तर?"

ही गोष्ट खोटी नव्हती. भट्टीचं धुराडं आईच्या खोलीच्या भिंतीतून वर गेलेलं होतं आणि थंडीत ती भिंत हाताला छान कोमट लागायची. बाळांनो, पुरती खोटी सबब ओळखायला सोपी असते. अर्धी खरी असली की मोठी माणसंही तिच्यापुढे गप्प बसतात. मावशी गप्प बसली.

मुंगीचं काम वर-खाली करण्याचं. वर जाताना गरम पाणी, खाली येताना उष्टी भांडी. जिन्याची पायरी वाजली की आतून आईचा आवाज यायचा.

"कोण, बाबा का?"

"नाही, मी."

"ये. तूही चालशील."

एकदा आईने तिला कागदाची चांदणी करायला शिकवली. खिडकीत टांगायची नाताळची चांदणी. स्वतः करायला आईच्या हातात जोर नव्हता, कात्रीसुद्धा तिला जड झाली होती. म्हणून ती नुसती सांगत होती. "दुमड. आता उलटं दुमड. नाही गं, उलटं म्हणजे तुझ्या उलटं नाही, कागदाच्या उलटं." दोघींना हसू आलं आणि हसता हसता आईला धाप लागली. ती थांबली की मुंगीही थांबली. खालून कप्पीची कुरकुर ऐकू येत होती.

"अजून तीच चालू आहे?" आईने विचारलं.

"हो."

"यंदा किती जाड झाली?"

मुंगीने आधी मनगट दाखवलं. मग जरा विचार करून दंड दाखवला.

आईने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "लग्नाच्या दिवशी उशिरा आले होते तुझे बाबा. सगळे वाट बघताहेत, आणि हे वाती पिळत बसलेले. माझे वडील म्हणाले, पोरी, अजून वेळ आहे, विचार कर." तिने डोळे मिटले. "घाबरले की हात चालू ठेवतात. तेव्हाही घाबरले होते. त्यांना म्हणावं, येऊन नुसतं बसा. बोलायला नको काही."

मुंगी धावत खाली आली आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. बाबांनी मान डोलावली. "हो, जातो ना. हा थर होऊ दे." त्यांनी दोरी सोडली, मेणबत्ती पिंपात गेली, वर आली. मग पुढचा थर. मग त्याच्या पुढचा. मुंगी कोळशाच्या पाटीवर बसून वाट बघत राहिली. शेवटी मावशीने तिला जेवायला हाक मारली.

इकडे गल्लीत नाताळ येऊन ठेपला होता. समोरच्या घरातली मुलं संध्याकाळी नाताळची गाणी घोकायची आणि एकच ओळ रोज चुकायची. चर्चच्या दारात बाळ येशूच्या गव्हाणीसाठी पेंढा येऊन पडला. लोक आपापल्या खिडक्यांच्या मेणबत्त्या न्यायला येऊ लागले.

"उद्या या," बाबा सांगायचे.

"कालही उद्याच म्हणाला होतात."

"मग आता परवा समजा."

खरी गोष्ट मुंगीला माहीत होती. मोठी मेणबत्ती जसजशी मेण पिऊ लागली, तसतसं पिंपातलं मेण खाली जाऊ लागलं. पोती संपली. मग बाबांनी गल्लीसाठी करून ठेवलेल्या मेणबत्त्या खुंट्यांवरून काढल्या आणि जोडी-जोडीने पिंपात सोडल्या. त्या वाकायच्या, आडव्या व्हायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या. नुसत्या वाती वर तरंगत राहायच्या आणि बाबा त्या काडीने काढून टाकायचे.

एके दिवशी मावशी खिडकीच्या काचा पुसत होती आणि मुंगी तिला कोरडं फडकं देत होती. मुंगीने विचारलं, "आई नाताळपर्यंत बरी होईल?"

मावशीने काच पुसायची थांबवली नाही. "नाही."

"मग कधी?"

आता मात्र मावशी थांबली. फडकं खाली ठेवून तिने मुंगीला शेजारच्या बाकावर बसवलं. मला मावशी आवडते ती इथे. तिने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "काल डॉक्टर आले होते ना? ते म्हणाले, आता औषध बदलण्यात अर्थ नाही. तिला दुखू नये एवढंच बघायचं. ती बरी होणार नाही, मुंगे. नाताळ ती बघेल की नाही, हेसुद्धा सांगता येत नाही."

"बाबांना माहीत आहे?"

"डॉक्टरांनी त्यांनाच आधी सांगितलं. ऐकून घेतलं आणि जाऊन कोळसा घातला."

मुंगी खाली गेली. बाबा मेणबत्ती वर घेऊन तिच्याकडे बघत उभे होते. आता ती मुंगीच्या मांडीएवढी जाड झाली होती.

"बाबा, ही झाली ना आता?"

"शेवटचा थर राहिलाय."

"मग द्या."

"तो माझा नाही. तुला माहीत आहे तो कोणाचा." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "ती खाली आली की देईल. तोवर आपलं काम चालू ठेवायचं."

मुंगीला जिना आठवला. पायऱ्या किती उभ्या होत्या ते आठवलं. आईला उशीवरून डोकं उचलायलासुद्धा मावशीचा हात लागायचा. 

दुसऱ्या दिवशी चर्चचे घंटेवाले आले. हे म्हातारे गृहस्थ घंटा वाजवायचे, चर्च झाडायचे, आणि नाताळची मेणबत्ती न्यायला दरवर्षी तेच यायचे. जन्मभर घंटेखाली उभं राहून त्यांना जरा कमी ऐकू यायचं, म्हणून ते जगाशी ओरडून बोलायचे. आत येऊन त्यांनी मेणबत्तीकडे पाहिलं. मग तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"हे काय आहे?"

"नाताळची मेणबत्ती."

"मला वाटलं छताला टेकू दिलाय." त्यांनी हाताने मेणबत्तीला वेढा घालून पाहिला. "अरे बाबा, आपल्या पितळी बैठकीत ही जाणार कशी? फादरना उचलून बसवता येईल त्या भोकात, पण ही नाही जायची."

"जाईल."

"नाही जायची. बारीक कर."

बाबांनी मेणबत्तीवरून हात फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर एक गोष्ट आली, ती मुंगीने पाहिली आणि तिला ती मुळीच आवडली नाही. बाबांना हायसं वाटलं होतं.

"बारीक करतो," ते म्हणाले.

घंटेवाले गेल्यावर त्यांनी भट्टीत कोळसा ओतला. भाता मारला. पिंपातलं मेण आधी पाण्यासारखं पातळ झालं, मग पातेल्यातल्या पाण्याला कढ येऊ लागला. त्यांनी मेणबत्ती आत सोडली आणि वर घेतली. तिच्या अंगावरून मेणाच्या धारा लागल्या. पुन्हा सोडली, पुन्हा घेतली. थर मागून थर पिंपात परत जात होते. संध्याकाळपर्यंत मांडीचा दंड झाला आणि दंडाचं मनगट झालं. म्हणजे अगदी बैठकीच्या मापाची. मुंगी श्वास रोखून बघत होती, कारण आता ती नक्की झाली होती. आता करायला काही उरलं नव्हतं.

बाबांनी भट्टीचं दार लोटून आच कमी केली. मेण निवून बेताचं झाल्यावर मेणबत्ती आत बुडवली आणि वर घेतली. नवा थर चढला होता. मग त्यांनी तो मंद व्हायची वाट पाहिली आणि ती पुन्हा बुडवली.

तेव्हा मुंगीच्या लक्षात आलं. ही मेणबत्ती कधीच होणार नव्हती. जाड झाली की बारीक करायची, बारीक झाली की जाड. बाबांच्या हाताला आता जन्मभराचं काम मिळालं होतं, आणि वर आई होती.

त्या रात्री जिन्यावर पायरी वाजली तेव्हा आतून आवाज आला नाही. मुंगी पाणी घेऊन खोलीत गेली. आई जागी होती, पण विचारायची थांबली होती. सकाळीही तिने विचारलं नाही. दुपारपर्यंत ती झोपेत गेली. हाक मारली तर पापण्या हलायच्या आणि पुन्हा स्थिर व्हायच्या. मावशीने तिच्या अंगावर दोन रजया घातल्या आणि तिचा हात धरून बसली.

दुपारी घंटेवाले पुन्हा आले आणि बाबांचा दंड धरून म्हणाले, "आता माप तूच येऊन घे. परत चुकलास तर नाताळला लोक अंधारात बसतील आणि शिव्या मला पडतील." बाबा नाही म्हणत होते. पण त्या म्हाताऱ्याला 'नाही' हा शब्द ऐकू येणं कठीण होतं. त्यांनी बाबांना ओढतच नेलं. बाबांनी मेणबत्ती वर टांगून दोरी खुंटीला बांधली. जाता जाता सांगितलं, "आच बघ गं."

मुंगी एकटी राहिली.

इथे जरा थांबा. ही मुलगी लहानपणापासून भट्टीजवळ वाढलेली होती आणि राख काढायचं काम तिला रीतसर शिकवलेलं होतं. तुम्हाला कोणी शिकवलेलं नाही, तेव्हा तुम्ही विस्तवाला हात लावायचा नाही. एवढं कबूल केलंत तर पुढचं सांगतो.

तिने लोखंडी फावडं घेतलं आणि भट्टीचं दार उघडलं. एकेक करून सगळे निखारे पुढे ओढले आणि खालच्या राखेच्या घमेल्यात घेतले. वरून राख लोटली. निखारे थोडा वेळ राखेतून लाल डोळ्यांनी बघत राहिले आणि मग विझले. तिने पातेल्यातलं गरम पाणी तांब्याने काढून मोरीत ओतलं आणि त्या जागी रांजणातलं गार पाणी भरलं. तेही कोमट झालं, तेव्हा पुन्हा बदललं. पिंपाच्या कडेला मेण पांढरं दिसायला लागलं.

मग तिने खुंटीवरची दोरी सोडली.

मेणबत्ती जड होती. दोरी तिच्या तळव्यातून सरकत गेली, पण तिने ती धरून ठेवली. आई सोडायची तशी, सावकाश. मेणबत्ती वर धरलेली मेणाची साय फोडून आत गेली आणि तळाला टेकली. मुंगीने ती वर घेतली नाही. ती बाजूच्या पाटीवर बसली आणि बघत राहिली. साय पुन्हा जुळली, जाड झाली, वातीभोवती घट्ट झाली. पिंपात वरून खालपर्यंत एकच पांढरा ठोकळा होत चालला होता आणि त्याच्या मधोमध नाताळची मेणबत्ती होती. आता ती बाहेर काढायची तर सगळं मेण नव्याने वितळवावं लागलं असतं, आणि त्याबरोबर तीही वितळली असती.

बाबा परतले तेव्हा दिवस कलला होता. दारातच त्यांना कळलं, कारण खोलीत कधी नव्हे ती थंडी होती. त्यांनी पिंपात बोट घातलं. बोट आत गेलं नाही.

"कोणी केलं हे?"

"मी."

त्यांनी दोरी ओढून पाहिली. कप्पी कुरकुरली, पिंप जागचं हललं, बाकी काही झालं नाही. मुंगीला वाटलं, आता ते हात उचलतील. त्यांनी कधी उचलला नव्हता, पण आज उचलला असता तर तिने तोंड फिरवलं नसतं. बाबांनी कोळशाची पाटी घेतली. भट्टीपर्यंत गेले. पाटी खाली ठेवली.

"वर गार पडेल आता," ते म्हणाले.

"मावशीनं दोन रजया घातल्यात."

"नाताळ उद्यावर आलाय, मुंगे. चर्चला मेणबत्ती नाही. गल्लीत एकाही खिडकीला मेणबत्ती नाही."

"माहीत आहे."

ते मेणाच्या रिकाम्या पोत्यांवर बसले. एवढा मोठा माणूस, पण पोत्यांवर नीट बसणंसुद्धा त्यांना जमेना.  समोरच्या घरातून गाण्याचा आवाज येत होता आणि त्या दिवशी मुलांनी ती ओळ बरोबर म्हटली.

"मी वर गेलो ना," बाबा म्हणाले, "की ती मला हसून दाखवते. डॉक्टर येऊन गेल्यावर एकदा गेलो होतो. तिला वळायचं होतं, वळता येईना, आणि मला बघून हसली. मला बरं वाटावं म्हणून. मला ते बघवत नाही. इथं निदान काहीतरी होत असतं माझ्या हातून."

मुंगीजवळ याला उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. तुमच्यापैकी कोणाला पुढेमागे सापडलं तर आठवणीने ठेवा.

"आता नाही हसत ती," मुंगी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"सकाळपासून नाही. विचारतही नाही आता, कोण आलं म्हणून."

बाबा उठले. मुंगी पुढे, ते मागे, असे दोघं जिना चढले. पायऱ्या वाजल्या. आतून कोणी काही विचारलं नाही. अर्ध्या जिन्यात बाबा थांबले, भिंतीवर हात ठेवून. धुराड्याची ती भिंत आता गार होती. मुंगी वरच्या पायरीवर उभी राहिली. तिने त्यांना ओढलं नाही, हाकही मारली नाही. ते पुढे निघाले तेव्हा तीही निघाली.

खोलीत दिवा लहान केलेला होता. खिडकीत कागदाची चांदणी होती, एक टोक जरा वाकडं. मावशी खुर्चीवरून उठली आणि खुर्ची मोकळी करून भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या जिभेवर काय काय असेल ते तुम्ही समजू शकता, पण तिने ते गिळलं.

आई उताणी होती. तोंड किंचित उघडं. श्वास यायचा, मग इतका वेळ यायचा नाही की मुंगी स्वतःचाही धरून ठेवायची, आणि मग पुन्हा यायचा. रजईबाहेर तिचा एक हात होता, तळवा वर.

बाबा उंबऱ्यात उभे राहिले. आत आले नाहीत.

"या ना, भाओजी," मावशी हळूच म्हणाली.

"हात बघ कसे झालेत माझे," बाबा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर, नखांवर, बोटांच्या बेचक्यांत मेणच मेण. इतक्या दिवसांचं साचून पांढरं आणि टणक झालेलं, बोटं नीट मिटतही नव्हती. "या हातांनी कसं धरू? तिला काही कळायचंही नाही, हात आहे की काय आहे."

मावशी काहीतरी बोलणार होती. मुंगीने तिच्याकडे पाहून मान हलवली. मग ती बाबांजवळ गेली, त्यांचा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेता यावा म्हणून त्यांना तिथेच उंबऱ्यात खाली बसवलं, आणि करंगळीपासून सुरुवात करून नखाने मेणाचा एकेक कपचा सोलू लागली.